एफ. एफ. ई. नावाचा साहेब

आमच्या घरात एक लाकडी पेटी आहे. हातभर लांब, वीतभर उंच, दोन्ही बाजूंना काथ्याच्या जाड दोरीच्या मुठी. झाकणावर तीन इंग्रजी अक्षरं: एफ. एफ. ई. माझे आजोबा पुण्यात खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत, म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यात, नोकरीला होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा एक गोरा साहेब होता, विलायतेला परत जाताना त्याने ही पेटी आजोबांना भेट दिली आणि ती तीन अक्षरं त्याच्या नावाची, असं मी लहानपणापासून ऐकत आले. काका त्याला खुशाल ‘फ्रँक साहेब’ म्हणायचे. पेटीला घरातल्या दारांबरोबर दर काही वर्षांनी ऑइलपेंट बसायचा, पण रंगारी कोणीही असो, ती तीन अक्षरं सोडून रंगवायचं अशी त्याला ताकीद असायची. साहेबाची आठवण म्हणून.

दोन वर्षांपूर्वी घर आवरायला काढलं तेव्हा चुलत भाऊ म्हणाला, सँडिंग मशीन मारून, पॉलिश करून छान टीपॉय होईल. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, मला एक महिना दे. ही पेटी नक्की कसली, कधीची, एवढं कळू दे, मग बघू. त्या एका महिन्याचे पाच महिने झाले.

पहिलीच गोष्ट मी चुकीची केली. दुकानातून पेंट रिमूव्हर आणला आणि एका लांब बाजूला खालच्या कोपऱ्यात लावला. दहा मिनिटांनी चॉकलेटी रंग फुगून आला, मी पत्र्याने खरवडला, आणि त्याच्याबरोबर खालून काळी शाईसुद्धा चिंधीवर उतरली. चिंधीवर एका अक्षराचा अर्धा गोल दिसत होता. लाकडावर काहीच उरलं नाही. साधारण चार बोटं रुंद जागेतला मजकूर कायमचा गेला. तिथे काय लिहिलं होतं, ते आता कोणालाच कळणार नाही. आजही त्या कोपऱ्याकडे बघितलं की पोटात तुटतं.

त्यानंतर रसायन बंद. बांबूच्या काडीला चाकूने पटाशीसारखं टोक काढलं आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर बसायला लागले. जुना ऑइलपेंट वाळून कडक झालेला असतो, टोक नीट घातलं की त्याची खपली उडते. स्टेन्सिलची काळी शाई मात्र कोऱ्या लाकडात मुरलेली असते, ती रसायनाने विरघळते पण खपलीबरोबर सहसा निघत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासायचं नाही, मास्क लावायचा, आणि पडलेल्या खपल्या ओल्या फडक्याने टिपून घ्यायच्या. वरचा थर चॉकलेटी, त्याखाली आकाशी, त्याखाली गडद हिरवा. आकाशी मी लगेच ओळखला, आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला मी लहान असताना तोच होता. सगळ्यांत खाली, लाकडाला लागून, रंग नव्हताच. फक्त धूळ, तेलकटपणा आणि अक्षरं.

ठसे वाचायची दुसरी युक्ती फार साधी आहे. खोलीतले दिवे घालवायचे आणि टॉर्च पेटीच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. दिवसा जिथे नुसतं लाकूड दिसतं तिथे सावल्या उठतात. दोरीच्या मुठीखाली, अरुंद बाजूवर, मी अशीच टॉर्च सरकवत असताना तीन रेघा दिसल्या, एका टोकाला जुळलेल्या, पक्ष्याच्या पावलासारख्या. त्यांच्या खाली एक उभी रेघ, वरखाली छोट्या आडव्या कड्या असलेली. त्याच्या शेजारी चार आकडे. बटर पेपर ठेवून वरून मऊ पेन्सिल घासली आणि कागदावर आलं: १९४३.

पक्ष्याचं पाऊल म्हणजे ब्रिटिश सरकारचा बाण. सरकारी मालकीची खूण म्हणून तो काही शतकं तोफांपासून घोंगड्यांपर्यंत सगळ्यावर मारला जात होता. खाली इंग्रजी आय असला की माल हिंदुस्थान सरकारचा. जुन्या रायफलींवर आणि संगिनींवरही हा जोड ठसा दिसतो. माल लष्कराने विकून टाकला तर दोन बाण टोकाला टोक लावून मारायची पद्धत ब्रिटिशांत होती. तो जोडबाण मी पेटीभर शोधला, कुठेच नाही. म्हणजे निदान इंग्रजांच्या अमदानीत तरी ही पेटी विकली गेल्याची खूण तिच्यावर नव्हती. साहेबाने भेट दिली असेल तर सरकारी माल परस्पर दिला, असं धरावं लागत होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिली शंका तिथे आली.

लांब बाजूवरचं स्टेन्सिल हळूहळू मोकळं झालं. बिंदू, तीन, शून्य, तीन. मग ‘बॉल’, म्हणजे साधी गोळी, या शब्दाची पहिली तीन अक्षरं. मग व्ही आणि दोन आय, म्हणजे रोमन सात. थ्री-नॉट-थ्री रायफलीची मार्क सात, म्हणजे सातव्या नमुन्याची, गोळी, जी ब्रिटिशांनी १९१० मध्ये स्वीकारली आणि जी दोन्ही महायुद्धांत रायफलींत चालली. पाच-पाच गोळ्या एका पत्र्याच्या चापात, असे दहा चाप कापडी पट्ट्याच्या कप्प्यांत, म्हणजे एका पट्ट्यात पन्नास गोळ्या. शिपायाने पेटीतून पट्टा उचलायचा, खांद्यावरून आडवा टाकायचा आणि चालायला लागायचं.

हे वाचून मला वाटलं झालं, पेटी महायुद्धातली, प्रश्न सुटला. पण नुसत्या थ्री-नॉट-थ्रीवर भरवसा ठेवायचा नसतो. आपल्या सैन्याने साठच्या दशकात ७.६२ ची रायफल घेतली खरी, पण पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री कितीतरी वर्षं राहिली. २००८ च्या हल्ल्याच्या वेळी मुंबई पोलिसांच्या हातात काही ठिकाणी तीच होती. म्हणून आकड्यापेक्षा तो कसा लिहिलाय हे बघायचं. ब्रिटिश लष्करात १९४४-४५ च्या सुमाराला रोमन आकडे जाऊन मार्कसाठी साधे आकडे आले. माझ्या पेटीवर रोमन सात होता, तो लाकडावरच्या १९४३ शी जुळत होता. वजनापुढे फक्त ‘एल बी एस’ होतं, म्हणजे पौंड. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे सरकारी पेटीवर नुसते पौंड असतील तर मजकूर बहुधा त्याआधीचा. कोपऱ्यात एक फिकट गोल होता, त्यात सहा आणि एक. स्फोटकांच्या जुन्या ब्रिटिश वर्गवारीत सहावा वर्ग दारूगोळ्याचा, आणि एक हा त्याचा पहिला पोटवर्ग. आजच्या पेट्यांवर असते ती नारिंगी चौकटीतली संयुक्त राष्ट्रांची खूण कुठेच नव्हती.

एका रविवारी जुन्या बाजारात गेले, दुसऱ्या पेट्या बघाव्यात म्हणून. कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी भरतो तो. तिथे चार पेट्या मिळाल्या बघायला आणि त्या एका सकाळने मला पुष्कळ शिकवलं. एका पेटीत आत बारा घरं होती. दुकानदार ती बाटल्यांची म्हणून विकत होता, पण ब्रिटिशांच्या छत्तीस नंबरच्या मिल्स हातबॉम्बच्या पेटीत बाराच बॉम्ब असायचे, शिवाय त्यांच्या उडवण्या वेगळ्या डब्यात आणि बूड उघडायची चावी. पेटी कसली हे तिच्या पोटावरून कळतं, वरच्या रंगावरून नाही. दुसऱ्या एका दुकानात पितळी पट्टी ठोकलेली पेटी होती, पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनी आणि १८५७, आणि बाजूला डागून काढलेलं थ्री-नॉट-थ्री. थ्री-नॉट-थ्री काडतूस आलं १८८८ मध्ये. मी वाकून बघितलं तर स्क्रूच्या डोक्याला चौफुली होती. असा स्क्रू १९३० च्या दशकापासूनचा. फळीला ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता. दुकानदाराला मी काही बोलले नाही. पण दहा हजार रुपये मोजून ती पेटी घरी नेणाऱ्या माणसाचं मला वाईट वाटलं, कारण तो तिच्यावर खरोखर प्रेम करणार आणि नातवंडांना ती गोष्ट सांगणार.

आमच्या पेटीचे स्क्रू एकाच खाचेचे होते. खिळे गोल तारेचे. कोपऱ्यांचे सांधे बोटांत बोटं गुंतवल्यासारखे सरळ, कारखान्यात यंत्राने पाडतात तसे. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी बुडाची फळी नखाने जराशी खरवडून हुंगली आणि म्हणाले, “साग नाही, आंबा पण नाही. देवदार आहे.” ऐंशी वर्षांनी त्यातून वास आला. मीही नाक लावलं. गोडसर, राळेसारखा.

आतल्या बाजूला काठाखाली दोन बोटांवर चारही बाजूंनी गंजाची एक सरळ रेघ होती, आणि दोन खिळ्यांखाली पत्र्याचे बारीक तुकडे अडकले होते. आई म्हणायची, उंदरांसाठी कोणीतरी पत्रा मारला असेल. तो आतल्या टिनच्या अस्तराचा उरलेला भाग. दमट हवेत दारू खराब होऊ नये म्हणून लाकडी पेटीत पत्र्याची दुसरी पेटी बसवून तिचं झाकण डाख देऊन बंद करत. पेटी रिकामी झाल्यावर कोणीतरी ते अस्तर ओढून काढलेलं दिसत होतं.

आतल्याच एका कोपऱ्यात, बुडाशी, तांबडा डाग होता. लाकडात चांगला मुरलेला, कडेने तेलकट. ब्रिटिश तोफगोळ्यांवर भरलेल्या गोळ्याच्या नाकाजवळ तांबडा पट्टा असायचा, तेव्हा तांबडा म्हणजे लष्करी रंग असणार असं धरून मी वहीत लिहिलं: ‘तांबडा रंग, बहुधा मूळचा.’ आणि पुढे गेले.

राहिली होती ती फक्त तीन अक्षरं.

त्यांच्यासाठी मी एका शेजाऱ्यांच्या ओळखीने एका आजोबांकडे गेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, उभी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत काढलेली. मी मोबाइलवर फोटो दाखवायच्या आधी फ्रँक साहेबाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली, मग फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, “हा साहेब नाही, बाई. फ्री फ्रॉम एक्स्प्लोझिव्ह. स्फोटकमुक्त.”

मी काहीच बोलले नाही. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि ते सांगताना त्यांचे हात आपोआप हलत होते. रिकामी पेटी डेपोच्या बाहेर जायची असेल तर आधी ती तपासायची. उलटी करायची, ठोकायची, उजेडाकडे धरायची. “आणि मग हात घालायचा,” ते म्हणाले. “डोळ्यांवर जायचं नाही. चारही कोपरे बोटांनी चाचपायचे. अस्तराच्या घडीत एखादं काडतूस अडकलेलं असतं, ते दिसत नाही, हाताला लागतं.” मगच ती तीन अक्षरं मारायची, आणि ज्याने मारली त्याची ती जबाबदारी. पेटी पुढे भंगारात जाईल, कोणाच्या चुलीत जळणाला जाईल, कोणाचं पोर तिच्याशी खेळेल. “अक्षरांच्या खाली तारीख असणार,” ते म्हणाले. “तारखेशिवाय आम्ही मारत नव्हतो.”

त्यांनी मला आणखी एक बजावलं, ते इथे लिहिते. अशा पेटीत, तिच्या दुहेरी बुडात किंवा अस्तरात काही सापडलं, गोळी असो, नळी असो, काहीही, तर ते उचलून बघायचं नाही. आहे तिथे ठेवायचं, घरच्यांना बाजूला करायचं आणि पोलिसांना कळवायचं. तसंच या पेट्यांत धान्य ठेवू नये. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काय काय लावलेलं असतं ते वासावरून कळत नाही. आईने कित्येक वर्षं त्यात गहू ठेवले होते हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

घरी आले ती थेट पेटीपाशी. तीन अक्षरांच्या खाली चॉकलेटी रंगाचा सलग पट्टा होता. इतकी वर्षं रंगारी साहेबाचं नाव जपत होते आणि खालचं काहीतरी किरकोळ समजून त्यावरून ब्रश फिरवत होते. त्या रात्री दीड वाजेपर्यंत बसले. खपली खपली करत आधी एक तिरपी रेघ आली. तिच्या डावीकडे तीन. उजवीकडे सहा, आणि शेवटी एक.

मार्च १९६१.

म्हणजे एका पेटीवर निदान तीन काळ होते. लाकडात दाबलेला १९४३ हा पेटी बनली तेव्हाचा. शाईतला मजकूर तिच्यात गोळ्या भरल्या तेव्हाचा, तो एकदाच भरला की पुन्हा पुन्हा हे नुसत्या शाईवरून सांगता येत नाही, कारण चांगली पेटी लष्कर परत परत वापरतं. आणि झाकणावरचा १९६१ तिची सरकारी नोकरी संपली तेव्हाचा. लोक पेटीवर एक साल सापडलं की शोध थांबवतात. मीही १९४३ ला थांबले असते तर फ्रँक साहेब अजून जिवंत असता.

१९६१ मध्ये खडकीत गोरा साहेब कुठून येणार? काकांना फोन करून सांगितलं. ते दुखावले. म्हणाले, दादांनी आम्हाला तसंच सांगितलं होतं. मी विचारलं, आजोबांनी स्वतः सांगितलं होतं का? थोडा वेळ गेला. म्हणाले, नाही, मोठ्या भावाने.

मग मी इंदूरला आत्याला फोन लावला. आत्या लग्न होऊन १९७२ ला तिकडे गेली ती तिकडचीच झाली. पेटीबद्दल तिला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की पेटीवर मार्च १९६१ अशी तारीख निघाली आहे.

“अगं, बरोबर आहे,” ती म्हणाली. “पानशेतनंतरच आली ना ती.”

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत तळमजल्यावर होतं, हे मला ठाऊक होतं. तिथून पुढे गोखलेनगरला गेलो, एवढंच घरात बोललं जायचं. त्या दिवसाबद्दल आजी कधी बोलली नाही आणि आजोबा तर नाहीच.

आत्या तेव्हा अकरा वर्षांची होती. ट्रंका, फडताळ, भांडी, आजीच्या लग्नातला शालू, सगळं गेलं. आजीने निघताना देव्हाऱ्यातले देव तेवढे पदरात बांधून घेतले होते. पुढे काही महिने ते सगळे निसन हटमध्ये होते, अर्ध्या पिंपासारख्या पत्र्याच्या घरात. जमिनीला ओल, ठेवायला काही नाही. आणि एका संध्याकाळी आजोबा खडकीहून सायकल घेऊन आले ते कॅरिअरला ही पेटी बांधून. डिस्पोजलच्या, म्हणजे सरकारने विकायला काढलेल्या, मालातून घेतलेली. चालत आले होते, आत्या म्हणाली, पेटी पडेल म्हणून सायकलवर बसलेच नाहीत. खडकीपासून हातात धरून आणली.

“एका दोरीला मी धरलं, एका दोरीला दादाने, आणि आत नेली. दादा मला म्हणाला, ही साहेबाची पेटी आहे, बघ नाव लिहिलंय.” मग ती थोडी थांबली. “मला घाबरायला नको म्हणून म्हणाला असेल. बॉम्बची पेटी घरात आणली म्हणून मी रडत होते.”

मी विचारलं, त्यात पहिल्यांदा काय ठेवलंत?

“काय ठेवणार? काही नव्हतंच. आईने ती आडवी उभी केली भिंतीला लावून, झाकण काढून ठेवलं, आत पाट घातला आणि देव मांडले. गोखलेनगरला जाईपर्यंत तोच आमचा देव्हारा. आतल्या कोपऱ्यात बघ, कुंकवाचे, तेलाचे डाग असतील अजून.”

फोन तसाच कानाला धरून मी पेटीपाशी गेले आणि टॉर्च आत धरला. मग वही काढून ‘तांबडा रंग, बहुधा मूळचा’ यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: कुंकू, १९६१.